सहकुटुंब, सहपरिवार

बडोद्याच्या दांडियाबाजारात आमचा छापखाना आहे. आज तिथे काँप्युटर आणि डिजिटल मशीन आहे, पण मी लहान असताना भिंतीला लागून खिळ्यांच्या केसी, म्हणजे छपाईच्या सुट्या अक्षरांचे कप्पे, होते. एका बाजूला बाळबोध, म्हणजे देवनागरी, दुसऱ्या बाजूला गुजराती. बाळबोधाला डोक्यावर रेघ, गुजरातीला नाही. अण्णा सांगत, ही व्यापाऱ्यांच्या हातात वाढलेली लिपी, त्यांना भराभर लिहायचं असायचं, रेघ ओढत बसायला सवड नव्हती. आमचे जुळारीकाका दोन्ही केसींवर सारख्याच वेगाने हात चालवत. रोज लागणारं मॅटर ते सोडवत नसत, सुतळीने बांधून फळीवर तसंच ठेवत. ‘आमचे येथे श्रीकृपेकरून’, ‘सहकुटुंब सहपरिवार येऊन’, ‘आपले नम्र’. शिवाय ‘चि.’, ‘चि. सौ. कां.’ आणि ‘सौ.’ तर ढिगाने. विधवेच्या नावाआधी लागणारं ‘गं. भा.’, म्हणजे गंगाभागीरथी, मात्र बांधून ठेवलेलं नसे. ते क्वचित लागायचं, लागलं की दर वेळी नव्याने जुळवायचे.

प्रुफं माझी आत्या वाचायची. घरात आणि छापखान्यात सगळे तिला माई म्हणत. बाविसाव्या वर्षी नवरा गेला आणि ती माहेरी परत आली. अण्णांनी तिच्या हातात लाल पेन्सिल दिली, ती आजतागायत सुटलेली नाही. मराठी आणि गुजराती, दोन्ही भाषांतली वेलांटी तिला लांबून दिसते. मी हा धंदा अण्णांकडून शिकले असं सगळे म्हणतात, पण शब्द कुणासाठी छापायचा हे मी माईकडून शिकले.

परवा एक मुलगी आली. ती मराठी, मुलगा पटेल. मोबाइलवर मराठी पत्रिकेचा मजकूर दाखवून म्हणाली, “काकू, याचंच गुजराती करून द्या ना, सेम टू सेम.” मी तिला बसवलं, चहा मागवला आणि सांगितलं की सेम टू सेम होत नाही गं. आपल्या पत्रिकेत वर कुलस्वामिनी प्रसन्न, मग आमचे येथे श्रीकृपेकरून, मग नवरानवरी, मुहूर्त, स्थळ, खाली आपले नम्र. घरातली दोन-चार मोठी नावं आली की पुरे. गुजराती लग्नपत्रिकेचं, कंकोत्रीचं, तसं नाही. तिच्यात दर्शनाभिलाषी म्हणून काका, फोई म्हणजे आत्या, मामा, बनेवी म्हणजे मेहुणे यांची रांग असते, आणि मोसाळ पक्षाला, म्हणजे आजोळच्या माणसांना, स्वतंत्र जागा लागते, कारण मामेरुं, मामाकडचा आहेर, तिथून येणार असतं. एक नाव राहिलं तर लग्नात ती खुर्ची रिकामी राहू शकते. शिवाय खाली कोपऱ्यात बोबड्या बोलातला टहुको हवा, ‘माला काकाना लगनमां जलूल जलूल आवजो’. ही ओळ नसलेली कंकोत्री मी आजवर फार कमी छापली असेन. अशी ओळ आता आपल्याही पत्रिकांवर येते, ‘आमच्या मामाच्या लग्नाला यायचं हं!’ पण गुजराती घरात तिचं वजन वेगळं आहे. बोलवणारं घर केवढं आहे, त्यात किती पिढ्या आहेत, हे ते बाळ सांगत असतं.

मुलीने हसून सासूला फोन लावला आणि अर्ध्या तासात दर्शनाभिलाषींची यादी व्हॉट्सअॅपवर आली. एकोणतीस नावं. पत्रिकेचा कागद आम्हाला मोठा घ्यावा लागला.

माझा भाचा अहमदाबादला जाहिरातीच्या धंद्यात आहे. तो टार्गेट ऑडियन्स म्हणतो. आम्ही ‘बोलवायचंय कुणाला’ म्हणतो. लग्नाची पत्रिका आणि दुकानाचं हँडबिल यांत मला फार फरक वाटत नाही. दोन्हीकडे कुणीतरी कुणालातरी ‘या’ म्हणत असतं, आणि त्या ‘या’मध्ये आपण आधीच बसलेलो आहोत की नाही, हे वाचणाऱ्याला पहिल्याच ओळीत कळतं.

एका साडीवाल्या शेठचं काम माझ्या अजून लक्षात आहे. डिसेंबरचे शेवटचे दिवस होते. त्यांना उत्तरायणासाठी हँडबिल हवं होतं. मी त्यांना म्हटलं, “शेठ, दांडियाबाजार, रावपुरा, या बाजूच्या मराठी बायकांसाठी वेगळं काढा आणि त्यावर काळी साडी घ्या.” शेठ चमकले. “बेन, कमुरतां चालू आहेत. त्यात दुकानाच्या नावाखाली काळा रंग? मी तर आत्ता घरात नवा रूमालपण आणत नाही.”

त्यांचं चुकत नव्हतं. डिसेंबरच्या मध्यापासून उत्तरायणापर्यंत गुजराती घरात शुभकार्य होत नाही, लग्नं थांबतात, मोठी खरेदी पुढे ढकलतात. आपल्याकडेही धनुर्मास आहेच. आणि मराठीत तर ‘संक्रांत आली’ म्हणजे संकट आलं. पण त्याच संक्रांतीला आपल्या बायका वर्षभर शुभकार्यात वर्ज्य असलेला काळा रंग हौसेने नेसतात. नव्या सुनेला काळी साडी, अंगावर हलव्याचे दागिने, लहान मुलाच्या बोरन्हाणाला काळं झबलं. थंडीत काळा रंग ऊब धरतो म्हणून, असं सांगतात. हे शेठना सांगायला मला वेळ लागला, कारण मीही त्याकडे कधी असं बाहेरून बघितलं नव्हतं.

शेवटी दोन हँडबिलं निघाली. गुजरातीवर पतंग, बांधणी आणि कमुरतां उतरल्यानंतरच्या लग्नसराईचा माल. मराठीवर मी मोठ्या टाइपात एवढंच घेतलं: ‘चंद्रकळा आल्या आहेत.’ खाली दुकानाचं नाव आणि पत्ता. भाव नाही, सवलत नाही. शेठ म्हणाले, “याचा अर्थ काय?” मी म्हटलं, “ज्यांना घ्यायची आहे त्यांना माहीत आहे.” चंद्रकळा म्हटलं की काळ्या साडीबरोबर आईची ट्रंक, तिळाचा खमंग वास आणि हातावर पडणारा हलवा हे सगळं येतं. त्या एका शब्दातलं मी काही निर्माण केलेलं नव्हतं. ते बायकांच्या मनात होतंच, मी नुसतं दार वाजवलं. चौथ्या दिवशी शेठनी सुरतेहून पुन्हा माल मागवला. त्यानंतर ते दरवर्षी डिसेंबरात येत, आणि स्वतःच म्हणत, “बेन, ते चंद्रकळावालं.”

आता कंपन्या ‘मराठी टच’ मागतात. नथ, फेटा, पैठणी, तुतारी. चित्र सुंदर असतं. पण पैठणी नेसलेली बाई पितृपक्षात नवी गाडी घेताना दाखवली की माझ्या शेजारणीला ती आपली वाटत नाही. तिला कारण सांगता येणार नाही, पण तिच्या मनात खट्ट होतं. बडोद्यात तर हे दुहेरी सांभाळावं लागतं. आमच्या भिंतीवर दोन नवी वर्षं असतात. चैत्रातला पाडवा शकाचा आणि दिवाळीनंतरचं बेसतुं वर्ष विक्रम संवताचं. दिवाळीच्या दुसऱ्या दिवशी समोरचे शेजारी ‘साल मुबारक’ म्हणायला येतात तेव्हा आमच्याकडे बलिप्रतिपदेचं ओवाळणं चालू असतं. लाभपंचमीपर्यंत अर्धा बाजार बंद असतो आणि मराठी गिऱ्हाईक भाऊबिजेच्या भेटवस्तूसाठी वणवण करत असतं. त्या दोन-तीन दिवसांत दुकान उघडं ठेवणारा आमच्या गल्लीतला एक स्टेशनरीवाला नुसती पाटी लावायचा, ‘भाऊबीज – उघडे आहे’. एवढ्यावर त्याचा धंदा व्हायचा.

गणेशोत्सवाच्या स्मरणिका हे आमचं वर्षातलं मोठं काम. त्यांतल्या जाहिराती वाचून मला माणसांबद्दल जेवढं समजलं तेवढं दुसऱ्या कशातून समजलं नाही. पाव पानाच्या चौकटीत अमुक ज्वेलर्स, तमुक ट्रेडर्स यांच्याकडून शुभेच्छा. त्यांतल्या कित्येक जाहिरातींत काय विकतात तेही नसतं. मंडळाच्या पोरांनी पावती फाडली, शेठनी पैसे दिले, नाव आलं. आणि मधेच एखाद्या पूर्ण पानावर, सुंदर वेलबुट्टीच्या चौकटीत फक्त दोन ओळी: ‘गणरायाच्या चरणी वंदन. – एक हितचिंतक.’

पहिल्यांदा असं मॅटर आलं तेव्हा मी नवीन होते. अण्णांना म्हटलं, नाव राहिलंय. अण्णा म्हणाले, “राहिलं नाही, त्याने घातलं नाही. तसंच जाऊ दे.” पूर्ण पानाचे पैसे मोजून नाव न छापणारी जाहिरात! भाच्याला मी हे सांगितलं तेव्हा तो बराच वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, “पण मंडळातल्या लोकांना माहीत असेल ना कोण ते?” असेल बहुतेक. दिल्याचा गाजावाजा करू नये हे त्या माणसालाही ठाऊक होतं आणि स्मरणिका वाचणाऱ्यांनाही. दोघांना एकच गोष्ट ठाऊक होती म्हणून ते पान बोलत होतं. हीच जाहिरात जिथे अशी समजूत नाही अशा गावात छापली असती तर ती मुद्रकाची चूक ठरली असती.

आमच्या शेजारच्या आणंदची अमूलची मुलगी १९६६ पासून फलकांवरून बोलते आहे, तेही याच बळावर. फलकावर असतो अर्धा विनोद. गेल्या आठवड्यात देशात काय झालं हे वाचणाऱ्याने स्वतःकडचं घालायचं, मग तो पुरा होतो. समोरच्याकडे ते नसेल तर उरतं एक चित्र आणि लोण्याचा पुडा.

सयाजीराव महाराजांबद्दल बडोद्यात इतकं बोललं जातं की नवीन काही बोलायला संकोच वाटतो. पण छापखान्यातल्या माणसाला त्यांची एक गोष्ट विसरता येत नाही. कवळाण्याहून दत्तक आलेला मराठी मुलगा, १८७५ मध्ये गादीवर बसला तेव्हा बारा वर्षांचा. प्रजा बहुतेक गुजराती, दरबार मराठी, वरच्या कागदांत इंग्रजी आणि जुन्या दप्तरात फारसी शब्दांचा भरणा. सरकारने सांगितलेलं लोकांना कळायचं कसं? १९३१ मध्ये बडोद्याहून ‘श्रीसयाजी शासन शब्दकल्पतरू’ नावाचा कोश निघाला. राज्यकारभारातला इंग्रजी शब्द आणि त्यापुढे गुजराती, मराठी, संस्कृत, हिंदी, उर्दू, फारसी, बंगाली अशा भाषांतले पर्याय. मी तो एकदा उघडून बघितला आहे. सरकार एकच होतं, पण त्याने एका शब्दासाठी इतक्या घरांची दारं वाजवून बघितली.

त्याच्या आधी, १९१० मध्ये, महाराजांनी अमेरिकेहून बॉर्डन नावाच्या ग्रंथालयतज्ज्ञाला बोलावलं होतं. लाकडी पेट्यांतून फिरती ग्रंथालयं खेड्यांत जायला लागली. ज्यांना वाचता येत नाही त्यांच्यासाठी जादूच्या कंदिलाची चित्रं होती. पुस्तक कितीही चांगलं असलं तरी माणूस त्याच्यापर्यंत येत नसेल तर पुस्तकाने जायचं, हा विचार त्यामागे होता. माझे आजोबा तशा पेटीतलं पुस्तक वाचून मोठे झाले, असं घरात सांगतात.

मला आता त्या विमा पत्रकाबद्दल लिहायचं आहे. बरीच वर्षं लिहायचं टाळलं.

आमच्या गल्लीतल्या महिला मंडळाचं संक्रांतीचं हळदीकुंकू मोठं होतं. वाण म्हणून काय लुटायचं यावर महिनाभर चर्चा चालते. त्या वर्षी एका विमा कंपनीचा माणूस मंडळाच्या अध्यक्षबाईंना भेटला. स्टीलच्या वाट्या कंपनी देणार, मंडळाने फक्त प्रत्येक वाटीबरोबर पत्रक द्यायचं. मजकूर हेड ऑफिसहून तयार होऊन आला होता, हिंदीवरून मराठी केलेला. पहिली ओळ होती, ‘तुमचे पती अचानक गेले तर तुमचे काय?’

प्रूफ नेहमीप्रमाणे माईकडे गेलं. तिने दोन ऱ्हस्व-दीर्घ सुधारले आणि विचारलं, “हे वाटणार कुठे?”

“हळदीकुंकवाला.”

तिने पेन्सिल खाली ठेवली. “मग मला विचारू नकोस,” म्हणाली आणि आत गेली.

मी त्या माणसाला फोन करून म्हटलं की पहिली ओळ बदलू या, स्त्रीधनापासून सुरुवात करू. बाईच्या नावावर तिचं स्वतःचं काहीतरी असावं हे आपल्याकडे कुणाला पटवावं लागत नाही, मंगळसूत्राच्या वाटीइतकं जुनं आहे ते. तो म्हणाला, मॅटर अप्रूव्ह्ड आहे, हात लावता येणार नाही. तारीख जवळ आली होती. मी छापलं.

हळदीकुंकवाच्या दिवशी बायकांनी वाट्या घेतल्या आणि पत्रकं खुर्च्यांवर, खिडकीत, चपलांच्या शेजारी ठेवली. फाडलं कुणीच नाही. एका नव्या सुनेने वाचलं आणि तिच्या सासूने ते तिच्या हातातून काढून घेतलं. दुसऱ्या दिवशी अध्यक्षबाई उरलेला गठ्ठा घेऊन छापखान्यात आल्या. “तू छापलंस ना हे? वाचलं नव्हतंस का?”

“वाचलं होतं,” मी म्हटलं. त्या आणखी काही बोलल्या नाहीत.

सौभाग्याचं कुंकू लावताना हातात वैधव्याचा कागद. एवढं सरळ होतं ते, आणि मला ते छापायच्या आधी दिसलं होतं. पण मला त्या दिवसापासून जास्त टोचतं ते वेगळंच. त्या पत्रकातली गोष्ट खरी होती. बाविसाव्या वर्षी रिकाम्या हाताने माहेरी आलेल्या माईला ती जितकी ठाऊक होती तितकी त्या हॉलमधल्या कुणालाच नव्हती. आणि माई त्या हॉलमध्ये नव्हती. ती कधीच नसायची. निमंत्रणावर ‘सर्व सौभाग्यवती भगिनींना’ असं मीच दरवर्षी छापत होते. ती ओळ माईनेच तपासलेली असायची, आणि त्यात तिने कधी काही सुधारलं नाही.

ज्या समजुतीवर माझं चंद्रकळेचं हँडबिल उभं राहिलं, त्याच समजुतीने माईला दाराबाहेर ठेवलं होतं. आपल्या लोकांच्या मनात काय आहे ते ओळखून लिहावं, असं मी अभिमानाने सांगत आले. मनात जे आहे ते सगळंच जपण्यासारखं आहे का, हा प्रश्न त्या गठ्ठ्याने माझ्यासमोर ठेवला.

पत्रिकांवर हे बदलताना मी बघत होते. ‘गं. भा.’ हळूहळू कमी झालं, मुलं सांगायला लागली, “आईच्या नावाआधी श्रीमती घाला.” गुजराती कंकोत्रीत ‘गं. स्व.’ अजून येतं, पण तिथेही एका मुलाने, आईचं नाव निमंत्रकांत सगळ्यांत वर घ्यायला सांगताना, ते खोडायला लावलं. महाराजांनी विसाव्या शतकाच्या अगदी सुरुवातीला विधवाविवाहाला कायद्याने मान्यता दिली होती. कायदा आला तरी पत्रिकेवरची दोन अक्षरं शंभर वर्षं तिथेच राहिली. माणसं कायदा कचेरीत पाळतात, पत्रिका घरात वाचतात.

मे २०२२ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला. बांगड्या फोडायच्या नाहीत, कुंकू पुसायचं नाही. त्याच महिन्यात महाराष्ट्र शासनाने इतर ग्रामपंचायतींना तसं करायचं आवाहन केलं. बातमी आमच्या मंडळातही पोचली. दिवाळीनंतरच्या बैठकीत दोघी-तिघींनी विषय काढला. बराच वाद झाला. एक आजी म्हणाल्या, “माझ्या सुनेला कुंकू कोण लावणार ते मला बघावं लागेल.” त्या शेवटपर्यंत तयार झाल्या नाहीत. अध्यक्षबाई आता दुसऱ्या होत्या. त्यांनी मला सांगितलं, “निमंत्रण तू लिही. ठराव-बिराव असं काही त्यात येऊ देऊ नकोस.”

मी चार वेळा लिहिलं. ‘विधवा भगिनींनीही यावे’ लिहिलं आणि खोडलं, त्या ‘ही’मुळे त्या पुन्हा वेगळ्या रांगेत बसत होत्या. ‘सौभाग्यवती व इतर’ खोडलं. ‘समस्त महिला वर्ग’ सभेच्या पत्रकासारखं वाटलं. शेवटी लग्नपत्रिकेतली जुनी ओळ उचलली, जी आमच्या फळीवर सुतळीने बांधलेली असायची. ‘हळदी कुंकू समारंभास आपल्या घरातील सर्व बायकांनी, आई, आजी, आत्या, मावशी, सासू, सून, लेकी, सहकुटुंब सहपरिवार यावे, हे आग्रहाचे निमंत्रण.’ बायकांच्या समारंभाला सहकुटुंब हा शब्द कुणाला चुकीचा वाटेल, पण मला तोच हवा होता. ‘सौ.’ कुठेही नव्हतं.

प्रूफ घेऊन मी घरी गेले. माई ब्याऐंशी वर्षांची, खिडकीपाशी हिंडोळ्यावर बसून तीळ निवडत होती. तिने चष्मा लावला, पेन्सिल मागितली. कागद डोळ्यांजवळ धरून एकदा वाचला. मग पुन्हा पहिल्यापासून वाचला. ‘आत्या’ या शब्दावर पेन्सिलीचं टोक थोडं थांबलं, पण खूण केली नाही. ‘हळदी कुंकू’ हे दोन शब्द एका कमानीने जोडले आणि म्हणाली, “हा एक शब्द आहे गं, हळदीकुंकू. इतकी वर्षं छापतेस.”

“बरं.”

“वेळ कुठाय? वेळ नाही छापलीस.”

“पाच ते आठ घालते.”

तिने कागद माझ्याकडे दिला आणि ताट पुन्हा मांडीवर घेतलं. “साडेचारला रिक्षा सांग,” म्हणाली. “मला जिना चढायला वेळ लागतो.”